शीहॅलियन सर्वेक्षण

शीहॅलियन सर्वेक्षण : (१७७४–७८). पृथ्वीची सरासरी घनता काढण्यासाठी स्कॉटलंडमधील पर्थशर परगण्यातील शीहॅलियन या डोंगराचे (उंची १,०८३ मी.) केलेले सर्वेक्षण व त्यावर आधारलेली आकडेमोड. लहानशा भूपृष्ठावर जालक आखून त्याच्या प्रत्येक खणाची उंची ठरविण्याच्या पद्धतीचे हे एक महत्त्वाचे प्रारंभिक उदाहरण होय.

मोठ्या डोंगराजवळ ओळंबा त्याच्याकडे किंचित ओढला जावा, हे न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून उघड होते. फ्रेंच शास्त्रज्ञ बूगेअर यांनी १७३८ मध्ये एक्वादोरमधील चिंबोराझो पर्वताजवळ असा प्रयोग केला; परंतु त्यातून निश्चित निष्कर्ष निघाला नाही. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने चार्ल्स मेसन यांनी १७७३ मध्ये शीहॅलियनची निवड केली. हा डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेला, बराचसा सममित व एकाकी आहे. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलाइन (१७३२–१८११) यांनी १७७४ मध्ये त्याच्या उत्तर व दक्षिण उतारांवर वेधस्थाने उभारून ४३ ताऱ्यांचे वेध घेतले. जमिनीवरील मापनानुसार दोन्ही स्थानांच्या अक्षांशांत सु. ४३ सेकंदांचा फरक होता. ताऱ्यांच्या वेधांवरून आलेला फरक त्याहून ११·६ सेकंदांनी अधिक होता. हा जादा फरक म्हणजे दोन्ही बाजूंच्या ओळंब्यांच्या विचलनांची बेरीज होती.

या विचलनापासून घनता काढण्यास डोंगराचा आकार अचूक माहीत असणे आवश्यक होते. रूबेन बरो (१७४७–९२) व विल्यम मेंझीझ यांनी पायारेषा मोजून, थिओडोलाइटने कोन घेऊन डोंगरावरील व भोवतालच्या असंख्य बिंदूंच्या उंच्या ठरविल्या. वारा, पाऊस व धुके यांमुळे हे काम १७७६ पर्यंत लांबले.

आकडेमोड गणितज्ञ चार्ल्स हटन (१७३७–१८२३) यांच्याकडे आली. त्यांनी प्रत्येक वेधस्थान केंद्र मानून नकाशावर २० समकेंद्री वलये व ४८ त्रिज्याखंड आखले. त्यांतून ९६० खण झाले. वलयांची रुंदी समान ठेवली होती. त्रिज्याखंडांचे कोन मात्र समान न ठेवता त्यांच्या ज्यांमधील अंतरे समान ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक खणातील स्तंभाचे इष्ट दिशेतील आकर्षण केवळ त्याच्या उन्नतांशाच्या ज्येच्या प्रमाणात उरले आणि अवघड गणित बेरजेवर आले. मोजलेले बिंदू मात्र खणांत विषम विखुरलेले होते. म्हणून हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले व मधल्या खणांच्या उंच्या त्यांवरून ठरविल्या. पाण्याची खोली दाखविणाऱ्या अशा रेषा क्रुक्वियस यांनी १७३० मध्येच वापरल्या होत्या. जमिनीच्या उंचीसाठी त्यांचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या कामांत हटन यांच्या कामाची गणना होते.

हटन यांनी १७७८ मध्ये डोंगर व पृथ्वी यांच्या घनतांचे गुणोत्तर ५ : ९ असे दिले. खडकाची घनता पाण्याच्या २·५ पट धरल्याने पृथ्वीची घनता ४·५ पट आली. आजचे मूल्य सु. ५·५ पट आहे. यातील त्रुटीचा एक भाग खडकाच्या गृहीत घनतेत होता. कारण जालक पृष्ठभागाचा आकार देते, त्याखालचे द्रव्य दाखवीत नाही. जॉन प्लेफेअर यांनी तेथील खडकांची पाहणी करून १८११ मध्ये ४·५६ ते ४·८७ ही सुधारित मूल्ये प्रसिद्ध केली. तथापि पृथ्वीचा गाभा पृष्ठावरील खडकांहून पुष्कळ जड असून ती पोकळ असणे शक्य नाही, हा हटन यांचा मूळ निष्कर्ष टिकून राहिला.

उंच्या मोजणारे बरो पुढे भारतात आले. बंगालमध्ये त्यांनी कर्कवृत्ताजवळ रेखावृत्ताच्या एका अंशाचे मापन केले. १७९२ मध्ये बक्सर येथे त्यांचे निधन झाले. डोंगराच्या या सर्वेक्षणाचा मान मॅस्कलाइन व हटन यांच्याकडे गेला असला, तरी त्या गणितातील प्रत्येक खण बरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चढून मोजलेल्या उंच्यांवरच उभा होता.