सखाराम पंडितांची सनद

माझा भाचा न्यू जर्सीत कॉम्प्युटरच्या कामावर आहे, त्याला आता पंधरा वर्षं झाली. परवा फोनवर म्हणाला, ‘‘मामा, घर घ्यायचं म्हणतोय, पण हिंमत होत नाही. ग्रीन कार्डाची रांग काही सरकत नाही आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. उद्या नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बाडबिस्तरा आवरा.’’ आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसानं यावर काय सल्ला द्यायचा? मी त्याला सखाराम गणेश पंडितांची हकिगत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

नाव ऐकून पुण्यातल्या एखाद्या पेठेतले गृहस्थ डोळ्यांपुढे येतात, पण पंडितांचा जन्म अहमदाबादचा, 1875 सालचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर जाणारे बहुतेक हिंदी लोक लाकडाच्या गिरण्यांत नाहीतर शेतावर राबत. पंडित शिकलेले होते, हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत. पण व्याख्यानांवर का कुठं संसार उभा राहतो? त्यांनी कायद्याचा मार्ग धरला.

आता अडचण अशी की, नागरिक नसलेल्या आणि होऊही न शकणाऱ्या परक्याला कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळत नसे. आणि नागरिकत्वाचा मूळ कायदा 1790चा. त्यात ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ एवढंच म्हटलेलं. 1870मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. मग हिंदी माणूस कुठं बसवायचा? ते ज्या त्या न्यायाधीशावर अवलंबून. भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांना न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं 1910मध्ये गोरे मानलं. पंडितांना लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं 1914मध्ये नागरिकत्व दिलं. सरकारनं हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली. पण सरकारनं वर अपील मात्र केलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा.

1917मध्ये पंडितांना सनद मिळाली. 1920मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं. घर झालं, अशिलं येऊ लागली. आपण ज्याला ‘बस्तान बसणं’ म्हणतो, ते बसलं.

या वकिलाकडेच भगतसिंग थिंद यांचा खटला आला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी त्यांचं नागरिकत्व वादात सापडलं होतं. त्यांच्या बाजूच्या वकिलांत पंडित होते. नोव्हेंबर 1922मध्ये ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की, ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंदांच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं : तुमचे वंशशास्त्रज्ञच आम्हाला कॉकेशियन म्हणतात! तीनच महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1923 रोजी, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी कसोटीच बदलली. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते नव्हे, सामान्य माणूस गोरा कोणाला म्हणतो ते पाहायचं! सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले. पण त्यांना कोण विचारणार?

खरा घाला पुढेच होता. ज्या हिंदी लोकांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यावर ते रद्द करण्यासाठी सरकारनं एकामागून एक दावे लावले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं. मायदेशी जाऊन येण्यासाठी अमेरिकन पासपोर्टही मिळेना. 1928मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आणि थिंदांच्या वकिलावर, पंडितांवरही, दावा आलाच.

नागरिकत्व गेलं की सनद गेली. जमिनीचंही तेच, कारण नागरिकत्वाला अपात्र परक्यानं शेतजमीन घेऊ नये असा कायदा कॅलिफोर्नियानं 1913मध्येच केला होता. असल्या परक्याशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वही जाई, म्हणजे लिलियनबाईही परक्या ठरणार. पंडितांनी आपली बाजू लढवताना गोरेपणाचा वाद दूर ठेवला. मला त्यांची खरी हुशारी इथं दिसते. त्यांचं म्हणणं असं : 1914मध्ये हाच वाद, हेच पक्षकार, न्यायालयानं ऐकलं आणि निकाल दिला. सरकारनं तेव्हा अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी धंदा, घर, संसार मांडला, मायदेशातल्या वारसाहक्कावर पाणी सोडलं. आता निकालात निघालेली गोष्ट पुन्हा उकरता येणार नाही.

आपल्या दिवाणी कोर्टात उभा राहणारा कुठलाही वकील हा मुद्दा ओळखेल. खालच्या न्यायालयानं तो मानला, 1926मध्ये अपील न्यायालयानंही मानला आणि 1927मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारची फेरविचाराची विनंती नाकारली. त्यानंतर उरलेल्या हिंदी नागरिकांवरचे दावे सरकारनं सोडून दिले. ज्यांचं नागरिकत्व आधीच गेलं होतं, त्यांना मात्र याचा उपयोग झाला नाही.

हिंदी माणसाला नागरिकत्वाचा रीतसर दरवाजा उघडला तो 1946च्या कायद्यानं, आणि तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. भाच्यासारख्या तंत्रज्ञांची वाट मोकळी झाली ती आणखी पुढे, 1965च्या कायद्यानंतर. पंडित 1959 साली वारले.

भाचा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘मामा, घराचं काय झालं त्यांच्या?’’ मी म्हटलं, राहिलं. ‘‘आणि सनद?’’ तीही राहिली. मग बराच वेळ त्यानं व्याजाच्या दराचा हिशेब मला ऐकवला.