भीमबेटका येथील ‘डिकिन्सोनिया’

छत्रपती संभाजीनगर परिसरातील वेरूळ-अजिंठ्याची लेणी अग्निजन्य बेसाल्टात कोरलेली आहेत. तेथे आदिम सागरी जीवांचे ठसे शोधणे व्यर्थ होय. त्यासाठी विंध्यातील वालुकाश्माकडेच वळावे लागते. डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ साली उजेडात आणलेल्या भीमबेटका येथील एका गुहेच्या छतावर ‘डिकिन्सोनिया’चा ठसा असल्याचे ग्रेगरी रिटॅलक प्रभृतींनी २०२१ साली प्रतिपादिले. स्प्रिग यांनी १९४७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातून वर्णिलेला हा चपटा, अंडाकृती जीव कोणत्या वर्गातील, याविषयी मतैक्य नव्हते. कोणी त्यास जेलीमासा मानिले, कोणी कृमी. रिटॅलक यांनी तर दगडफूल. २०१८ साली रशियातील नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे अवशेष आढळल्याने प्राणिपक्ष बळावला.

भीमबेटक्याच्या ठशावरून मात्र तेथील खडकाचे वय सुमारे ५५ कोटी वर्षे ठरविले गेले. जोसेफ मीर्ट प्रभृतींच्या मते तो खडक १०० कोटी वर्षांहूनही प्राचीन आहे. त्यांनी २०२२ साली स्थळ पाहिले, तेव्हा तो ‘ठसा’ खडकावरून सुटून पडू लागला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला व रिटॅलक यांनीही तो मान्य केला. तात्पर्य, जीवाचा वर्ग ठरविण्यापूर्वी व त्यावरून शिलांचा काळ मोजण्यापूर्वी ठसा शिलेचाच आहे काय, हे पाहणे अगत्याचे होय.