मोतद्दाराची लेक
रोझेटीचे १८७४ चे ‘प्रॉसर्पाइन’ मी वर्गात दाखवतो. रोमन पुराणातली ही पाताळाची राणी. डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून वर्षातला काही काळ तिथे डांबलेली. चित्रात तिने एका हातात डाळिंब धरले आहे, दुसऱ्या हाताने मनगट.

चित्रासाठी बसली कोण? जेन मॉरिस, ऑक्सफर्डच्या मोतद्दाराची लेक. व्हिक्टोरियन अभिरुचीला तिचा चेहरा हवा होता, बापाचा तबेला नको. म्हणून तिला देवी केले. मूक आणि खिन्न. हाच स्त्रीत्वाचा आदर्श ठरला.

याच जेनने नवऱ्याच्या, विल्यम मॉरिसच्या, व्यवसायासाठी भरतकाम केले. ते राबणे चित्रात कुठे आहे?

माझ्या आईच्या हातांना घट्टे आहेत. तिला कुणी देवी करू नये. तिच्या श्रमांची नोंद तेवढी इतिहासाने घ्यावी.