नांगराची खीळ

ट्रॅक्टरच्या इंजिनाचें कौतुक सारेच करतात. नांगर ज्या सांध्यानें त्यास जोडतात, त्याची आठवण खीळ तुटल्यावरच होते. पूर्वी नांगर नुसता मागें ओढला जाई; तो खडकाला अडला कीं ट्रॅक्टर मागें उलटण्याचें भय असे. अल्स्टर प्रांतांतील हॅरी फर्ग्युसन यांनीं खालीं दोन व वर एक अशा तीन दांड्यांची जोडणी सिद्ध केली. हेन्री फोर्ड यांच्याशीं तोंडी करार होऊन १९३९ सालीं ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. पुढें करार फिसकटला आणि १९५२ पर्यंत कोर्टकज्जा चालला. दरम्यान १९४६ ते १९५६ या काळांत कॉव्हेंट्री येथें फर्ग्युसनचे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

त्यांतील वरच्या दांड्याची खीळ पाऊण इंच जाडीची, खालच्यांच्या सात-अष्टमांश इंचाच्या. याच मापांवर पुढें हलक्या ट्रॅक्टरांचें आंतरराष्ट्रीय प्रमाण बसलें. म्हणून आज विकत मिळणारी खीळ त्या जुन्या सांध्यांतहि बसते. न मिळाल्यास लेथवर चिवट पोलादाची कातून घेतां येते. मात्र भोंक झिजलें असेल, तर तेथील गोळाहि बदलावा. नाहींतर नवी खीळहि लवकरच झिजेल. दोघां कर्त्या पुरुषांचा शब्द दहा वर्षेंहि टिकला नाहीं. पाऊण इंचाचें माप मात्र टिकलें, आणि त्याच्या बळावर जुने नांगर अजून चालतात.