चहाची किटली

तोटी, कान आणि झाकण असलेले, तयार चहा गरम ठेवण्याचे व ओतण्याचे भांडे. इंदुरात राजवाडा-सराफा भागात दुकानोदुकानी हिंडते ती अॅल्युमिनियमची: एका हातात किटली, दुसऱ्यात ग्लासांची तारेची जाळी.

धातूत चहा लवकर निवतो आणि चिनी मातीत टिकतो, हा समज अर्धाच खरा. अॅल्युमिनियम चिनी मातीच्या शंभरपटीहून जास्त उष्णतावाहक आहे. पण उष्णता मुख्यतः अडते ती भांड्याला बाहेरून लगटलेल्या हवेच्या थरात. त्यापुढे पाच मिलिमीटर चिनी मातीचा अडसरही किरकोळच. जास्त फरक पडतो पृष्ठभागाने. लखलखीत धातू उष्णतेचे प्रारण अगदी कमी करतो. काजळी आणि झिलईदार माती भरपूर. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी गरम पाण्याच्या चौकोनी डब्याची एक बाजू चकचकीत व दुसरी काळी ठेवून हे दाखवले. त्यांचा ग्रंथ १८०४ चा. त्यामुळे टपरीवरची काळवंडलेली किटली शेगडीवरून उतरली की घासलेल्या किटलीच्या आधी गार होते.

चांदी तर धातूंमध्ये उष्णतेची सर्वांत उत्तम वाहक. तरीही चांदीची चहादाणी ऊब चांगली धरते, ती झळाळीमुळेच; फक्त कान लाकडी किंवा हस्तिदंती हवा, नाहीतर हात पोळतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी १९३० च्या दशकात पॅरिसचे रौप्यकार जाँ पुइफोर्का यांच्याकडून चांदीची भांडी आली होती.

चिनी मातीची खोड वेगळीच. अर्ध्या किलोच्या थंड चहादाणीत ९५ अंशांचा ६०० मिलिलिटर चहा ओतला, तर भांडे तापण्यातच सुमारे १० अंश खर्ची पडतात. आधी उकळत्या पाण्याने विसळून घेण्याची रीत म्हणूनच पडली. धातूच्या किटलीत चहा आधीच शेगडीवर असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे सुरुवातच दोन अंश खालून. त्यात झाकण सैल असेल तर वाफेवाटे जाणारी ऊब कोणताही धातू परत आणत नाही.

जेम्स डेवर यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतीतली हवा काढून निर्वात बाटली केली; पुढचा थर्मास त्याच तत्त्वावर चालतो. साधी किटली घ्यायची असेल, तर झाकण घट्ट बसते का ते आधी पाहावे, धातू कोणता ते नंतर.