काळा थीटा

त्रिकोणमिति शिकलेल्या आमच्या बहुतेक वाचकांस ‘थीटा’ हें ग्रीक अक्षर कोनाचें चिन्ह म्हणून परिचित असेल. परंतु एके काळीं ज्याच्या नांवाजवळ हें अक्षर पडे, त्याचा इहलोकचा हिशेब मिटला असें समजत.

ग्रीकांनीं आपली लिपि फिनिशियन लोकांपासून घेतली, तींत हें अक्षरहि आलें. प्रारंभीं तें वर्तुळांतील फुलीसारखें होतें. पुढें फुलीच्या जागीं टिंब किंवा आडवी रेघ आली. संख्यालेखनांत त्याची किंमत 9 असे. मृत्यूला ग्रीक भाषेंत ‘थानातोस’ म्हणतात व तो शब्द याच अक्षरानें सुरू होतो. त्यामुळें तें मृत्यूचें चिन्ह ठरलें. रोमन कवि पर्सियस (इ. स. 34–62) यानें दुर्गुणावर मारावयाच्या शिक्क्यास ‘काळा थीटा’ असें म्हटलें आहे. सेव्हिलचा धर्माध्यक्ष इसिडोर (मृत्यु इ. स. 636) सांगतो कीं, सैनिकांच्या यादींत जिवंताच्या नांवाशीं ‘टाउ’ व मृताच्या नांवाशीं ‘थीटा’ मांडीत. थीटाच्या मधल्या रेघेंत त्यास मृत्यूचा बाण दिसला!

रोमजवळ टोरेनोवा येथें 1834 सालीं ग्लॅडिएटर मल्लांच्या झुंजींचें एक कुट्टिमचित्र सांपडलें. त्यांत पडलेल्या वीरांच्या नांवांजवळ रेघ मारलेलें वर्तुळ आहे. तें थीटा नसून ‘मरण पावला’ या अर्थाच्या लॅटिन ‘ओबिइट’ शब्दाचें आद्याक्षर होय, असेंहि कांहीं विद्वान मानतात. मत कोणतेंहि घ्या. मनुष्याच्या आयुष्याची अखेर एका अक्षरांत आटोपली, हें खरेंच.

या काटकसरीस आम्हीं नांवें ठेवावीं काय? आपणहि ‘कैलासवासी’ हा शब्द ‘कै.’ एवढ्यावर भागवितों. आपल्या अक्षरांत सद्गतीची इच्छा आहे, रोमन कारकुनाच्या अक्षरांत केवळ हजेरीचा हिशेब, हा भेद मोठा खरा. पण सवयीनें ‘कै.’ लिहितांना ती इच्छा आपल्या मनांत किती वेळां उमटते?

शिवाय त्या कारकुनाच्या हातून नकळत एक उपकार घडला. थीटा नांवाच्या शेजारीं बसे, नांव खोडीत नसे. म्हणूनच ज्यांची समाधि उरली नाहीं अशा कित्येक सामान्य शिपायांचीं नांवें आज जीर्ण याद्यांतून वाचतां येतात. मृत्यूच्या खुणेनें नांव पुसलें जात नाहीं. तें पुसतें वाचणाऱ्याची अनास्था.