चोर सोडून संन्याशाला सुळी

लहान आंतडें मोठ्या आंतड्यास जेथें मिळतें, तेथें पोटाच्या उजव्या बाजूस करंगळीसारखी एक बंद नळी लोंबत असते. तिला मराठींत आंत्रपुच्छ म्हणतात; घरोघरीं मात्र ‘अपेंडिक्स’ हेंच नांव रूढ आहे. ती सुजली म्हणजे काय होतें हें सर्वांच्या ऐकिवांत आहे. १९०२ च्या जून महिन्यांत सातव्या एडवर्ड बादशहांचा राज्याभिषेक अवघ्या दोन दिवसांवर आला असतां या नळीपाशीं झालेल्या गळवामुळें तो पुढें ढकलावा लागला, तेव्हां तर तिचें नांव जगभर गाजलें. परंतु याच नळीचा दुसरा एक विकार असा आहे कीं, तो मुकाट्यानें वाढतो. आणि त्याचा गुन्हा कित्येक दशकें भलत्याच अवयवाच्या माथीं मारला जात होता.

आंत्रपुच्छाच्या आंतील अस्तरांतून श्लेष्मा, म्हणजे एक बुळबुळीत स्राव, नेहमींच थोडाथोडा पाझरत असतो. नळीचें तोंड बुजलें, किंवा अस्तराच्या पेशी बेताल वाढूं लागल्या, कीं हा स्राव आंत सांचतो व नळी फुगत जाते. व्हिएन्ना येथील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ कार्ल रोकिटान्स्की यानें अशा फुगलेल्या आंत्रपुच्छाचें वर्णन १८४२ सालींच करून ठेविलें होतें. फुगलेली नळी बहुधा दुखत नाहीं, आणि हीच खरी अडचण. पुढें केव्हां तरी ती फुटते. स्रावाबरोबर कांहीं पेशी उदरपोकळींत उतरतात आणि वर्षानुवर्षें तेथें श्लेष्मा निर्माण करीत राहतात. रोग्याचें पोट वाढत जातें. शस्त्रवैद्यानें तें उघडावें, तों आंत जेलीसारखा चिकट पदार्थ खच्चून भरलेला.

या अवस्थेस ‘स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी’ हें लांबलचक नांव १८८४ सालीं वेर्ट या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानें दिलें. त्याच्या रुग्ण स्त्रीच्या बीजकोशांत अर्बुद होतें, तेव्हां रोगाचें मूळ तेथेंच असावें असें त्यास वाटलें. स्त्रीरोगतज्ज्ञास बीजकोश आधीं दिसावा यांत नवल नाहीं. पुढें १९०१ मध्यें फ्रेंकेल यानें हाच विकार आंत्रपुच्छाच्या गांठीबरोबर आढळल्याचें नमूद केलें. शिवाय तो पुरुषांनाहि होतो, आणि पुरुषांस बीजकोश नसतो! एवढी साधी गोष्ट विचारास चालना देण्यास पुरेशी होती. परंतु विद्वानांनीं दोन उगमस्थानें मानून समाधान करून घेतलें, आणि रोगी स्त्री असली कीं संशय प्रथम बीजकोशावरच जाऊं लागला. बीजकोश काढून टाकावे, आंत्रपुच्छाकडे ढुंकूनहि पाहूं नये, आणि पोटानें पुन्हा भरून यावें, असे प्रकार घडत.

हा गुंता १९९१ सालीं पुष्कळ सुटला. यंग, गिल्क्स व स्कली या तिघा विकृतिशास्त्रज्ञांनीं आंत्रपुच्छ आणि बीजकोश या दोहोंतहि अर्बुद असलेल्या २२ स्त्रियांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं ताडून पाहिल्या आणि मूळ आंत्रपुच्छांतच असल्याचें प्रतिपादन केलें. पुढील काळांतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेंहि त्यांच्या मतास बळकटी आणली. बीजकोशाची गर्भापासून राहिलेली एक विशिष्ट गांठ क्वचित् या विकाराचें मूळ असते खरी. पण तो अपवाद. एरव्हीं बीजकोश हा गुन्हेगार नसून बळी पडलेला शेजारी आहे.

त्यानेंच कां बळी पडावें, याचें उत्तर वॉशिंग्टन येथील शस्त्रवैद्य पॉल शुगरबेकर यांच्या निरीक्षणांत सांपडतें. मोकळ्या पेशी पोटांतील द्रवाबरोबर फिरतात. जेथें द्रव शोषला जातो तेथें, म्हणजे उजव्या श्वासपटलाखालीं व वपाजालावर, त्या गोळा होतात. वजनानें कटिकुहरांत उतरतात, आणि तेथें बीजकोश असतो. सतत हालणारें लहान आंतडें मात्र पुष्कळ काळ स्वच्छ राहतें. लहान आंतडें असें वांचतें म्हणूनच बाकीचें रोगग्रस्त आवरण सोलून काढणें शक्य होतें.

पूर्वीं जेली उपसावी, पोट शिवावें, आणि तें भरलें कीं पुन्हा उघडावें, असा क्रम असे. १९८० मध्यें अमेरिकेंतील लुईव्हिल येथें स्प्रॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच एका रोग्याच्या उदरांत गरम केलेलें कर्करोगनाशक औषध फिरविलें. शुगरबेकर यांनीं त्याची आवरण काढण्याच्या शस्त्रक्रियेशीं सांगड घातली. ही शस्त्रक्रिया दहा दहा तास चालते, आणि तिच्यांत जिवाला धोका आहेच. तरीहि १६ रुग्णालयांतील २२९८ रोग्यांचा जो वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दहा वर्षांनंतर जिवंत राहिलेल्यांचें प्रमाण शेंकडा ६३ आढळलें.

निदान मात्र अजूनहि अनेकदां योगायोगानेंच होतें: हर्नियाची शस्त्रक्रिया करतांना पिशवींत जेली दिसते, किंवा साध्या सुजेसाठीं काढलेलें आंत्रपुच्छ सूक्ष्मदर्शकाखालीं वेगळेंच कांहीं सांगतें. त्यामुळें काढलेलें प्रत्येक आंत्रपुच्छ तपासणीस पाठवावें लागतें, फुगलेलें असल्यास तें न फोडतां बाहेर काढावें लागतें. आणि स्त्रीच्या पोटांत बीजकोशाच्या गांठीबरोबर जेली दिसली, तर शस्त्रवैद्य आतां आधीं उजवीकडची ती करंगळीएवढी नळी शोधतो.